लहान चौकट

त्या पत्राला आपण उत्तर दिलं नाही, हे त्याला आठवलं ते तोंडात पुठ्ठ्याची नळी धरलेली असताना. विसरला होता असं नाही. घरातल्या एखाद्या खोलीतून आपण रोज जातो पण दिवा लावत नाही, सामान कुठे आहे ते अंगाला ठाऊक असतं म्हणून ठेच लागत नाही. तसं ते पत्र इतकी वर्षं त्याच्यात होतं. आज ठेच लागली. खोकला हटत नव्हता म्हणून डॉक्टरांनी फुप्फुसांची तपासणी लिहून दिली होती. खोली अरुंद, भिंतीला टेकवलेली एक खुर्ची, टेबलावर यंत्र आणि यंत्राशेजारी पडदा. तपासणी करणारी बाई तरुण होती आणि सकाळपासून तेच तेच बोलून तिच्या बोलण्याला एक चाल आली होती. तिने त्याच्या नाकाला चिमटा लावला. पडद्यावर रेघ उमटायला लागली तशी त्याची नजर तिकडे वळली, कारण जन्मभर त्याने दुसरं काही पाहिलंच नव्हतं. पडद्याकडे नका बघू आजोबा, माझ्याकडे बघा, असं तिने दटावलं. मग खोल श्वास, आणि आता सोडा, सोडा, सोडा. त्याला वाटलं, संपला. तो थांबणार तेवढ्यात ती म्हणाली, “अजून आहे आत. अजून आहे.” आणि त्याच्या डोळ्यांपुढे रेघी कागदावरचं ते ठळक, वळणदार अक्षर आलं, फळ्यावर लिहून लिहून मोठं झालेलं. रेघ मध्येच तुटली. पुन्हा करावं लागलं, मग पुन्हा. शेवटी ती हसून म्हणाली की तुम्ही ऐन वेळी थांबता हो, आणि निकाल हातात देताना म्हणाली की काळजीचं कारण नाही, या वयात इतकी छान फुप्फुसं कमी जणांची असतात, आतून सगळी उघडी आहेत. तो तिचे आभार मानायला विसरला. जिना उतरताना त्याने कठडा धरला होता, आणि खालच्या रस्त्यावर माणसं नेहमीसारखी चालत होती.

पत्र त्याच्या बायकोचं होतं. ती तेव्हा त्याच्यापासून दूर, दुसऱ्या शहरात धाकट्या बहिणीकडे राहायला गेली होती आणि शाळेच्या सुट्या संपूनही परत आली नव्हती. पत्रात खुशाली नव्हती, तक्रार नव्हती. “तुम्ही गणित केलंत. मला एवढंच सांगा. मी सकाळीच उठून दवाखान्यात गेले असते तर ती वाचली असती का?” एवढंच. खाली सहीसुद्धा नव्हती, आणि शाळेतल्या बाईंनी प्रश्नपत्रिकेखाली सही का करावी, असं त्याला तेव्हा उगाचच वाटून गेलं होतं.

त्याचं गणित मऊ वस्तूंचं होतं. धड घट्ट नाहीत आणि धड पातळही नाहीत अशा वस्तू: फेस, खळ, मलम, ओला रंग, दाबलं की वाहणारी आणि सोडलं की थांबणारी टूथपेस्ट. अशा वस्तू का वाहतात, कुठे अडतात, कधी फुटतात हे तो संगणकावर करून पाहायचा. हात न भिजवता. संस्थेत त्याची खोली जिन्याखालच्या वळणावर होती, दार अर्धं उघडायचं, आणि ते त्याला सोयीचं वाटायचं. कुणी आत आलं तर येताना आवाज व्हायचा आणि त्याला चेहरा तयार करायला वेळ मिळायचा. लग्नाच्या वेळी मेहुणीने, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीने, सगळ्या पाहुण्यांसमोर विचारलं होतं की भाऊजी, तुम्ही फेस मोजता म्हणे, मग घरचे कपडे तुम्हीच धुणार ना? सगळे हसले. तो लाजला आणि खरोखरच उत्तर देऊ लागला, की तो फेस निराळा, त्यातले बुडबुडे सगळे एका मापाचे धरतात. तेव्हा बायकोने त्याच्याकडे पाहिलं होतं. त्या नजरेवर तो पुढची कित्येक वर्षं जगला. तिला गणित कळत नव्हतं, आणि तिने ते कळत असल्याचं सोंग कधी केलं नाही, पण त्याचा प्रत्येक लेख छापायला जाण्याआधी तिच्या हाताखालून जायचा. शाळेच्या वह्यांच्या गठ्ठ्यावरच ती त्याची प्रुफं ठेवायची आणि त्याच लाल पेनने स्वल्पविराम लावत जायची. कधी समासात लिहायची, “हे वाक्य दमलं.” तो ते वाक्य मोडायचा. त्याला वाटायचं, या जगात आपण लिहिलेलं शेवटपर्यंत वाचणारं एक माणूस आहे, म्हणजे पुष्कळ झालं.

त्या दिवशी सकाळपासून तिच्या कंबरेत कळ येत होती. दिवस भरायला अजून बराच अवकाश होता. शेजारच्या आजींनी सांगितलं होतं की खोट्या कळा येतात, मनावर घेऊ नयेत. तिने घेतल्या नाहीत. ती टेबलाशी बसून सहामाहीचे पेपर तपासत राहिली. त्याला तिने फोन केला नाही, कारण त्या दिवशी त्याची मशीनची पाळी होती. तेव्हा संस्थेत एकच मोठा संगणक होता, त्यावर पाळी लागायला महिना महिना जायचा, आणि आदल्या संध्याकाळी जेवताना तो दुसरं काही बोललाच नव्हता. दुपारी फोन आला. तो टॅक्सी घेऊन गेला तेव्हा ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती, पर्स मांडीवर, तपासलेले पेपर दोरीने बांधून वर ठेवून आलेली. मूल टॅक्सीतच झालं. ड्रायव्हरने गाडी न थांबवता फक्त आरसा वर फिरवला. एवढी सभ्यता त्याने आयुष्यात पुन्हा पाहिली नाही. मुलगी एकदा रडली, म्हणजे रडण्याची सुरुवात केली आणि ती मध्येच राहिली. दवाखान्यात त्यांनी करायचं ते सगळं केलं. मुलीने रात्र काढली. काचेच्या पेटीत तिच्या बरगड्या आत जात, बाहेर येत, पुन्हा आत जात. एवढा कष्टाने काम करणारा जीव त्याने कधी पाहिला नव्हता. उजाडल्यावर डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले की फुप्फुसं उघडलीच नाहीत. पुढे त्यांनी समजावून सांगितलं, की फुप्फुसाच्या आतल्या बारीक पोकळ्यांना पाण्याचा एक पातळ पापुद्रा असतो, तो भिंतींना एकमेकींकडे ओढतो, आणि भरल्या दिवसांच्या मुलात साबणासारखा एक द्रव असतो जो ती ओढ सैल करतो. हिच्यात तो तयारच झाला नव्हता, आणि बाहेरून देता येईल असं अजून काही निघालेलं नाही. डॉक्टर फार चांगले होते. तो मात्र ऐकता ऐकता मनाशी म्हणत होता की हे तर माझंच आहे. हा पापुद्रा, ही ओढ, हा साबण. मी हेच तर मोजतो. त्या विचाराची त्याला पुढे जन्मभर लाज वाटली, आणि त्याच विचारावर त्याने पुढे जन्मभर काम केलं.

तपासणीनंतर रस्त्याच्या कडेला बाक दिसला, तिथे तो बसला. निकालाचा कागद त्याने घडी करून खिशात घातला आणि घडी खिशात नीट बसली नाही म्हणून पुन्हा काढून पुन्हा घातला. संस्थेतले लोक तेव्हा म्हणाले की याने विषय बदलला, आजकाल शरीराच्या विषयांना मागणी आहे. त्याने कुणाला काही सांगितलं नाही. अख्खं फुप्फुस कोणत्याही संगणकात मावत नाही. म्हणून त्यांच्या धंद्यात एक युक्ती करतात: एवढासा तुकडा घ्यायचा, त्याला चौकट म्हणायचं, आणि चौकटीची उजवी कड डावीला जोडून टाकायची. उजवीकडून बाहेर गेलेला थेंब डावीकडून आत येतो, आणि संगणकाला वाटतं की जग न संपणारं आहे. एखाद्या गावात एकच गल्ली असावी आणि तिच्या टोकाला गेलं की पुन्हा तिच्याच तोंडाशी यावं, तसं. यात एकच धोका असतो. गल्ली फार आखूड असली तर पुढे चालणारा जो पाठमोरा माणूस दिसतो तो आपणच असतो, आणि आपण त्याच्या मागे मागे चालत राहतो. म्हणून चौकट दुप्पट करून पाहायची आणि उत्तर तेच येतं का ते तपासायचं. नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी तो हेच शिकवायचा, बाकी सगळं नंतर. पापुद्र्याच्या पहिल्या लेखात त्याने चौकट दुप्पट करून पाहिली नाही. मशीनची पाळी मिळत नव्हती, हे खरं. पण उत्तर फार सुंदर आलं होतं, हेही खरं. रेघ सुरुवातीला सपाट, मग एका जागी चढू लागलेली, मग कड्यासारखी उभी. अर्थ असा, की चिकटलेला पापुद्रा लगेच सोडवला तर सुटतो. वेळ गेला की त्याला उघडायला लागणारा जोर वाढत जातो, आणि एका क्षणानंतर कुठलाच जोर पुरत नाही.

प्रुफं आली तेव्हा बायको स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. बाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं, त्याचे ठोके येत होते. मूल जाऊन तीन-चार वर्षं झाली होती, आणि त्याबद्दल ती दोघं बोलत नसत. एकमेकांना वाढताना हात सांभाळून वाढत, एवढंच. तिने पानं उलटली, दोन स्वल्पविराम लावले, एका शब्दाखाली रेघ मारली. मग आकृतीशी थांबली. तिने विचारलं,

“ही आडवी रेघ कशाची आहे?”

“वेळेची.”

“म्हणजे इथे, डावीकडे, लवकर?”

“हो.”

“आणि लवकर असेल तर उघडतं.”

तो हो म्हणाला. विज्ञानातल्या प्रश्नाला देतात तसं त्याने उत्तर दिलं, खाली मान घालून, पेन्सिलीला टोक काढता काढता. बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की गालिच्याचे ठोके थांबलेत. ती उठली, तिने पातेलं विसळून ठेवलं, परत येऊन बसली आणि उरलेली पानं शेवटपर्यंत तपासली. एकही चूक सोडली नाही. त्या उन्हाळ्यात ती बहिणीकडे गेली.

पत्र आलं तेव्हा त्याने उत्तर लिहायला घेतलं. ‘हो’ लिहिणं शक्य नव्हतं. ‘नाही’ लिहिणं खोटं झालं असतं, निदान तेव्हा त्याला तसं वाटत होतं, आणि खोटं लिहिलं असतं तर तिने ते पहिल्या ओळीतच ओळखलं असतं. मधलं काहीतरी लिहावं म्हणून तो बसायचा. एकाच मुलाबद्दल असं सांगता येत नाही, आमचं गणित सरासरीचं असतं, भिंती आम्ही सरळ धरल्या आहेत, प्रत्यक्षात त्या सरळ नसतात. पान भरायचं. सगळं खरं असायचं, आणि तिच्या अक्षरातलं वाक्य त्याला समासात दिसायचं की हे वाक्य दमलं. मग तो पान ठेवून द्यायचा. उत्तर न देणंही एक उत्तरच असतं आणि ती त्याचा अर्थ ‘हो’ असाच घेईल, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. तो भित्रा होता, एवढंच. आणि भित्र्या माणसाला नेमकेपणाचा फार मोठा आधार असतो.

मग उंट आला. लांबलचक, वाकून चालणारा विद्यार्थी. प्रयोगशाळेत सगळे त्याला उंट म्हणत आणि त्यालाही ते आवडायचं. मशीन तोवर पुष्कळ मोठी झाली होती. पहिल्या दिवशी जे शिकवलं ते उंटाने मनावर घेतलं आणि कुणाला न विचारता गुरूच्याच जुन्या चौकटीवर ते वापरून पाहिलं. तो दारात येऊन उभा राहिला तेव्हा त्याला हसू आवरत नव्हतं; एवढी मोठी गंमत सापडलेली, आणि ती कुणाला दुखवेल हे त्याला कुठून माहीत असणार. म्हणाला, “सर, तो कडा आहे ना, तो नाहीच. चौकट लहान पडली होती. पापुद्रा स्वतःलाच धरून बसला होता.” मोठ्या चौकटीतली रेघ त्याने टेबलावर ठेवली. सपाट. इकडून तिकडे सपाट. वेळेचा काही संबंधच नव्हता. साबण असला तर पोकळी उघडायची, लवकरही आणि उशिराही. साबण नसला तर उघडायची नाही, सकाळीही नाही आणि दुपारीही नाही.

त्याने उंटाची पाठ थोपटली. फार छान काम केलंस म्हणाला, आणि तेही मनापासून. मग दार ओढून घेतलं आणि तो त्या सपाट रेघेकडे पाहत बसला. आपल्याला सुटल्यासारखं वाटायला हवं, हे त्याला समजत होतं. तिच्या प्रश्नाचं उत्तर आता समोर होतं: नाही, तुझा काही दोष नव्हता. धावत जाऊन सांगावं असं उत्तर. पण तसं वाटत नव्हतं, आणि त्याचं कारण चूक झाल्याची लाज हे नव्हतं. लहान चौकटीत एक जागा होती. रेघेच्या डाव्या कडेला, कडा सुरू होण्याआधी, बोटाच्या पेराएवढी एक सपाट जागा होती आणि तिथे ती मुलगी वाचत होती. इतकी वर्षं तो तिथे जाऊन बसत होता. तिथे ते सकाळीच निघत, टॅक्सी वेळेवर मिळे, रडण्याची सुरुवात होई आणि ते रडणं पुढे चालू राही. चौकट दुप्पट करून पाहायला तो विसरला नव्हता. त्याने पाहिली नव्हती. बायकोवर दोष आला तरी चालेल, पण कुठेतरी मुलगी वाचण्याची सोय असू दे, हे त्याने स्वतःशी कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि उंटाने ते टेबलावर ठेवलं होतं. तिला ‘नाही’ लिहायचं म्हणजे तिला एवढंही सांगायचं, की आपली मुलगी कुठल्याच सकाळी वाचत नव्हती. त्याने तो कागद हाताखाली झाकला.

शुद्धिपत्र त्याने वेळेवर छापलं. अर्धं पान, मूळ लेखातला वेळेचा परिणाम हा चौकटीच्या लहानपणाचा परिणाम असल्याचं आढळून आलं आहे, विद्यार्थ्याचे आभार. त्याची प्रुफं त्याने स्वतःच तपासली आणि दोन स्वल्पविराम राहून गेले. निवृत्तीच्या समारंभात लोक त्या पहिल्या लेखाबद्दलच बोलले. शुद्धिपत्र कुणी वाचलं होतं असं दिसलं नाही, आणि उठून सांगायला तो लाजला. तिच्या शहरातल्या ग्रंथालयात ते नियतकालिक येतं, याची मात्र त्याने चौकशी करून ठेवली होती. कित्येक वर्षं तो असं धरून चालला की ती कधीतरी तिथे जाईल, अंक उघडेल, आणि तिला कळेल. एका शिक्षित माणसाने असं काही धरून चालावं याचं त्याला आज, त्या बाकावर बसल्या बसल्या, हसू आलं, आणि त्या हसण्याचा खोकला झाला. शेजारी बसलेल्या बाईंनी आपली पिशवी थोडी पलीकडे ओढली.

घरी जाऊन त्याने मेहुणीला फोन लावला. नंबर तोच असेल याची खात्री नव्हती. घंटा वाजत असताना त्याला वाटलं, न उचलला तर बरं. पत्ता बदलला का एवढंच विचारायचं, असं त्याने ठरवलं होतं. तिने आवाज लगेच ओळखला. “कोण, फेसवाले भाऊजी?” म्हणाली, “वाट चुकलात की काय?” मग ती साध्या आवाजात बोलू लागली, आणि बोलतच राहिली, कुणी विचारण्याची वाट पाहत असल्यासारखी. पत्ता तोच होता. ताई तशी बरी आहे. जेवते, फिरते, कपाटातल्या साड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालते. पण हल्ली तिला आठवत नाही. आधी वस्तूंची नावं गेली, मग माणसांची. आता मलाही कधी कधी अहो बाई म्हणते, आणि कामवालीला माझ्यापेक्षा जास्त मान देते, त्यामुळे घरात कामं मीच करते. ती हसली, तोही हसला. डॉक्टर म्हणाले वयाचं आहे. त्रास तसा काही नाही, फक्त पहाटेचा. त्याने विचारलं, पहाटेचा म्हणजे?

“उठते आणि तयार होऊन बसते. केस विंचरते, चपला घालते, पिशवी भरते. काल पिशवीत काय होतं माहितेय? उशीचा अभ्रा, कंगवा आणि टीव्हीचा रिमोट. मग दाराशी जाऊन उभी राहते. कडी काढू देत नाही म्हणून मला बोलते. कुठे जायचंय विचारलं तर सांगता येत नाही. एवढंच म्हणते, आज उशीर नको. काही केलं तरी आज उशीर नको. शाळा आठवत असेल. जन्म मास्तरकीत गेला ना.”

त्याने खुर्ची ओढली आणि तो बसला. पलीकडून मेहुणीने दोनदा विचारलं, भाऊजी, आहात ना? आहे, तो म्हणाला. मुलीबद्दल काही बोलते का, असं त्याला विचारायचं होतं. तो शब्द त्याच्या तोंडातून निघेना. मेहुणीनेच ओळखलं असावं. म्हणाली की नाही हो, ते सगळं पुसलं गेलंय, एका अर्थी सुटली. आणि मी? हे त्याने विचारलं नव्हतं, पण तीच पुढे म्हणाली, खरं सांगू का, रागावू नका, मागे तुमच्या लग्नातला फोटो दाखवला होता तिला. बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, भला दिसतोय बिचारा, पण फार भिडस्त आहे. आणि मेहुणी पुन्हा हसली, आणि हसता हसता तिचा आवाज मोडला. त्याने सांगितलं की मला तिला एक पत्र पाठवायचंय. ती म्हणाली, पाठवा ना, मी वाचून दाखवीन. कागद हातात दिला तर स्वतःही वाचते, अक्षरं अजून येतात तिला, आणि वाचलेलं खरं मानते, कॅलेंडरवरची जाहिरातसुद्धा. पण थोडकं लिहा, भाऊजी. ओळ लांबली की तिचं चित्त उडतं. आणि अक्षर मोठं काढा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेबलाशी बसला. आधी त्याने सगळं लिहिलं. चौकट, पापुद्रा, उंट, सपाट रेघ. पेन्सिलीला टोक काढत दिलेलं ते उत्तर. बोटाच्या पेराएवढी ती जागा आणि तिथे जाऊन बसणं. लिहिताना त्याला प्रथमच कुठे अडलं नाही. पानं वाचून पाहिली, आणि एकही वाक्य दमलेलं नव्हतं. ते तिच्या पत्राचं उत्तर होतं, पूर्ण उत्तर, आणि ज्या बाईने ते पत्र लिहिलं होतं ती आता कुठल्याच पत्त्यावर राहत नव्हती. हे त्याला हळूहळू कळलं, पाय गार पडत जावेत तसं. आता ही पानं पाठवली तर मेहुणी ती वाचून दाखवणार, आणि पहिल्या पानावरच तिला कळणार की तिला एक मुलगी होती. मग दुसऱ्या दिवशी ते पुसलं जाणार, किंवा जाणार नाही. प्रश्न गेला होता, मुलगी गेली होती, तो स्वतः गेला होता. मागे राहिली होती ती फक्त पहाट आणि चपला. त्याने पानांची घडी घातली, आणि पुढे काय करावं ते न सुचून ती तशीच हातात धरून बसला. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीला रंग देणारे पाळण्यात उभे होते, आणि ओला रंग भिंतीवरून सावकाश खाली सरकून मध्येच थांबत होता. तो का थांबतो हे त्याला माहीत होतं. त्याला रडू आलं. रडताना तोंडातून आवाज निघतो हे तो विसरून गेला होता. त्या आवाजाने तो स्वतःच दचकला.

मग त्याने कोरा कागद घेतला. पहिला शब्द लिहिला तो ‘बहुधा’. जन्माची सवय. तो खोडला, आणि खोडलेला कागद बाजूला ठेवून दुसरा घेतला. ‘माझ्या माहितीप्रमाणे’. तोही बाजूला ठेवला. उंटाची चौकट तरी पुरेशी मोठी होती का, ती आणखी दुप्पट करून कुणी पाहिली का, हा प्रश्न याही वेळी वेळेवर हजर झाला. एका मुलाबद्दल, एका सकाळबद्दल, काही म्हणता येत नाही. हे खरं होतं आणि राहणार होतं. दाराशी एक म्हातारी बाई पिशवी घेऊन उभी होती, हेही खरं होतं. त्याने तिसरा कागद घेतला आणि शाळेच्या फळ्यावर लिहावं तसं, एक एक अक्षर सुटं, मोठं काढत लिहिलं:

‘उशीर झालेला नाही. सगळं वेळेवर आहे. अजून थोडा वेळ झोप.’

खाली नाव घालावं की नाही यावर तो अडला. नावाने तिला काही कळणार नव्हतं. फोटोतला भिडस्त माणूस, असं लिहावं असं एकदा मनात आलं आणि तो कसाबसा हसला. सही न करताच त्याने कागदाची घडी घातली. मोठं पत्र त्याने पाकिटात घातलं नाही. टेबलाच्या खणातही ठेवलं नाही. फाडून, तुकडे मुठीत दाबून केराच्या टोपलीत टाकले, आणि त्यावर पेन्सिलीचा जमलेला भुसा ओतला.

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीमागचा कारकून डबा उघडून जेवायच्या बेतात होता आणि हे गिऱ्हाईक आलं म्हणून जरा खट्टू झाला होता. त्याने पाकीट तराजूवर टाकलं, काटा जेमतेम हलला, पत्ता मोठ्याने वाचला आणि अक्षर छान आहे म्हणाला, कुणा लहान मुलाला आहे का? तो म्हणाला, बायकोला. कारकुनाने मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि डब्याचं झाकण पुन्हा लावलं. पत्र हातात पडल्याची सही घेऊन पावती परत येते, ती हवी असेल तर एक फॉर्म भरावा लागेल, असं त्याने जरा हळू आवाजात समजावलं. जन्मभर ज्याने प्रत्येक आकडा दोनदा पडताळून पाहिला, तो फॉर्मकडे पाहत राहिला. त्याचा हात पेनाकडे गेलाही होता.

“मग? पोचपावती हवी?”

“नको,” तो म्हणाला. “जाऊ द्या.”

कारकुनाने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.